फोनचं आसन



आजचं वाचन: गीता, अध्याय ६, श्लोक ११ ते १४.

ध्यानाला बसणाऱ्याचं आसन कसं असावं, हे भगवंत इथे सांगतात. जागा स्वच्छ हवी. आसन स्थिर, फार उंच नको, फार खाली नको. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. मग शरीर, डोकं, मान सरळ आणि नजर नाकाच्या टोकाकडे, इकडेतिकडे न बघता. मोक्षाची वाट सांगताना देव बैठकीच्या उंचीबद्दल बोलतो, हे मला फार आवडतं. माउली तर ज्ञानेश्वरीत त्याची कारणंही देतात: उंच असेल तर अंग डुलेल, फार खाली असेल तर जमिनीचा दोष लागेल. डिझाइन रिव्ह्यूमध्ये असं कारणासकट बोलणारं कोणी भेटलं तर किती बरं होईल!

आपल्या वाचन गटातल्या एका ताईंनी विचारलं होतं, ऑफिसच्या डेस्कवर फोनचा स्टँड घेऊ का? फोन टेबलावर आडवा असतो, दिवसभर मान खाली घालून बघावं लागतं. स्टँडवर ठेवला तर सतत डोळ्यांसमोर राहील. कोणीतरी त्यांना लगेच सांगितलं, "फोन ड्रॉवरमध्ये टाका, साधना म्हणजे वैराग्य." पण ताईंच्या वडिलांचं आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस असतं, ते गावी आणि या पुण्यात. त्यांना ड्रॉवरचा सल्ला देणाऱ्याने वैराग्य स्वस्त केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानेचं उत्तर सोपं आहे. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, ते जितकं पुढे झुकेल तितका मानेवर भार वाढतो. स्टँडने फोन वर येतो, तेवढं झुकावं लागत नाही. बूड जड असावं, खाली रबर असावं, म्हणजे बोट लागलं तरी डगमगत नाही. (स्थिर आसन!) फक्त त्यावर टाइप करत बसू नका, हात अधांतरी राहून खांदा धरतो. बघायला आणि बोलायला स्टँड, लिहायला कीबोर्ड.

प्रश्न नजरेचा आहे. दुसऱ्या अध्यायातला ६२वा श्लोक आठवा. विषयांचं चिंतन करणाऱ्याला त्यांची आसक्ती जडते, तिच्यातून काम, मग क्रोध, आणि पुढे घसरण थेट बुद्धिनाशापर्यंत. तिथे चिंतनासाठी जो शब्द आलाय तो ‘ध्यै’ धातूचा, म्हणजे ध्यानाचाच. ध्यान आपल्याला येत नाही असं आपण म्हणतो, पण डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर एक उजळणारी वस्तू ठेवून आठ-नऊ तास तिच्याकडे वळून बघणं हेही ध्यानच की. सामग्री सगळी तयार आहे. आसनावर कोण बसलंय एवढाच फरक.

आपल्याकडे पारायणाला पोथी लाकडी घडीच्या व्यासपीठावर ठेवतात. तोही स्टँडच. पण वाचन झालं की पोथी रुमालात जाते, व्यासपीठ मिटवून ठेवतात. त्यावर कोणी वर्तमानपत्र ठेवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून ताईंना मी सुचवलं ते असं. स्टँड घ्या. पण तो मॉनिटरच्या शेजारी नको, बाजूला, थोडा मागे, आणि स्क्रीन तुमच्याकडे वळलेली नको. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करून वडील, आई आणि डायलिसिस सेंटर या ३ नंबरांना सूट द्या, त्यांची रिंग मोठी ठेवा. बाकी सगळं मुकं. व्हिडिओ कॉल असेल तेव्हा स्टँड आपल्याकडे वळवा, संपला की परत फिरवा. कान हाकेची वाट बघत स्वस्थ बसू शकतो. डोळ्याला ते जमत नाही, तो शोधत फिरतो. वडिलांसाठी कान पुरेसा आहे.

यावर त्या म्हणाल्या, "दादा, कळतंय सगळं, पण भीती वाटते. रिंग वाजली आणि ऐकू आली नाही तर?"

इथे १४वा श्लोक येतो. त्यात ध्यान करणाऱ्याचं एक विशेषण आहे, ‘विगतभीः’, ज्याची भीती गेली आहे असा. पण क्रम पाहा. जागा, आसन, मान, नजर हे सगळं आधी सांगून झालंय. भीती घालवून मग बसायला या, असं देव म्हणत नाहीत. आणि याच अध्यायात पुढे अर्जुन जेव्हा म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरणं कठीण, तेव्हा कृष्ण त्याला रागावत नाहीत. खरंय तुझं, असं मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य सांगतात. अभ्यास म्हणजे ताईंच्या बाबतीत पहिल्या दिवशी २० मिनिटं स्क्रीन फिरवलेली ठेवणं. रिंग ऐकू येते की नाही हे आईला मुद्दाम फोन करायला लावून आधीच तपासून घेणं. भीती खरी आहे, मग तिचं टेस्टिंगही खरं करावं.

काल त्यांचा मेसेज आला. २० मिनिटांपैकी १३ जमली, मग हात गेलाच. १३ पुष्कळ झाली, मी त्यांना तसं कळवलंय.

उद्या १६वा आणि १७वा श्लोक, जेवण आणि झोपेबद्दलचे. १५वा तेवढा आधी वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.