सफर आणि अमानत

समजा, धसईचा एक तरुण विद्यार्थी-आदानप्रदान योजनेतून जर्मनीत शिकत आहे. शुक्रवारी सायंकाळी सोबती म्हणतात, "चल, दोन दिवस प्रागला जाऊ!" शेंगेन व्हिसा आहे, कार्ड टेकवले की तिकीट हाती. असा अवचित प्रवास वैध की अवैध?

प्रवास मुळात वैधच आहे. पृथ्वीवर फिरून निर्मितीचा आरंभ पाहण्याची आज्ञा सूरह अल्-अन्कबूतमध्ये (29:20) आहे. चार रकअतींची फर्ज नमाज प्रवाशासाठी दोन रकअतींची होते. तिघे निघाले तर एकाला अमीर नेमावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. जो धर्म प्रवासाचे शिष्टाचार शिकवितो, तो प्रवासाचा वैरी कसा असेल?

प्रश्न आहे तो त्या कार्डामागच्या पैशाचा. 2016 मध्ये धसई रोकडरहित गाव म्हणून गाजले. परंतु रोकड दिसेनाशी झाली म्हणून तिच्यामागचा घाम नाहीसा होत नाही. शिक्षणासाठी अब्बांनी पाठविलेली रक्कम ही अमानत आहे. तेव्हा निघण्यापूर्वी घरी एक फोन करावा. त्यांनी आनंदाने संमती दिली, तर बिस्मिल्लाह म्हणून निघावे. सांगण्यास जीभच धजत नसेल, तर उत्तर आपल्या अंतःकरणाने आधीच दिलेले आहे.