शेवटची दहा पावलं

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी झाडीत, दगडामागे एखादा छोटा डबा दडवून ठेवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतं. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तसा, होता तिथे ठेवून द्यायचा. पहिला डबा म्हणजे खरं तर एक बादली होती. 3 मे 2000 रोजी ती अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात ठेवली गेली. जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकन सरकारने आदल्याच दिवशी काढून टाकली होती, म्हणून हे जमलं. त्या बादलीत बीन्सचा एक डबाही होता. आज तो चालला नसता. वासाने जनावरं येतात, म्हणून खाण्याचं काही ठेवायचं नाही असा आता नियमच आहे.

इंग्लंडमध्ये हा खेळ चांगलाच रुजलाय. तिथली काही रानं 1600 सालाच्याही आधीपासून सलग टिकून आहेत. अशा रानात डबा ठेवायचा तर जागेच्या मालकाची परवानगी लागते, आणि न विचारता जमीन खणायची नाही. एवढं पाळून ठेवलेल्या डब्याचा रानाला त्रास नाही. त्रास होतो तो शोधणाऱ्याच्या शेवटच्या दहा पावलांचा. तोवर माणूस पायवाटेने शहाण्यासारखा आलेला असतो. मग मोबाईल सांगतो, पोहोचलात. पण दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. डबा इथेच आहे, आणि दिसत मात्र नाही! इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. पाय वाट सोडून गोल गोल फिरायला लागतात. एप्रिल-मेमध्ये झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं पसरलेली असतात. त्यांची पानं तुडवली गेली, की जमिनीतल्या कंदाला पुढच्या वर्षासाठी अन्न साठवता येत नाही. असा ताटवा सावरायला वर्षं लागतात. कुजका ओंडका उलटावा, तर स्टॅग बीटलसारख्या भुंग्यांच्या अळ्या अशाच लाकडात वर्षानुवर्षं वाढत असतात. ढोलीत हात घालावा, तर आत वटवाघूळ झोपलेलं. थंडीत त्याची झोप मोडली, की जपून ठेवलेली चरबी फुकट खर्च होते. हे सगळं करणारी माणसं चांगलीच असतात, रानाची हौस म्हणूनच तिथे आलेली. घाई तेवढी नडते.

मुरलेले खेळाडू इथे उलटं करतात. मोबाईल खिशात टाकतात आणि वाटेवरच उभे राहतात. आधी डोळ्यांनी शोधायचं, हात नंतर. माणसाने ठेवलेली वस्तू रानात जरा वेगळी दिसतेच. काटक्या उगाच एका ओळीत रचलेल्या असतात, किंवा एखादा दगड मातीत रुतलेला नसून नुसता टेकवलेला असतो. दोन मिनिटं नुसतं पाहिलं, की बरेचदा नजर नेमकी तिथे जाते. ऑफिसला निघताना गाडीची किल्ली सापडत नाही, तेव्हा आपणही आधी सगळे खण उपसतो आणि संध्याकाळी ते आवरत बसतो. उद्या तशी वेळ आली, तर दाराशी क्षणभर उभे राहून खोलीकडे नुसतं बघा.

आणि नाहीच सापडलं तर? या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. हात हलवत परत यायचं आणि ‘सापडला नाही’ अशी सरळ नोंद करायची. काहींना यात कमीपणा वाटतो, म्हणून ते आणखी अर्धा तास झुडपं धुंडाळतात. तुमच्या ओळखीतलं कुणी इंग्लंडमध्ये असेल आणि मुलांना घेऊन सुट्टीत डबे शोधत असेल, तर त्यांना सांगा, की ही नोंद लिहायला मुलांना जरूर शिकवा. अशा दोन-चार नोंदी लागोपाठ आल्या, की डबा ठेवणारा स्वतः जाऊन बघतो. कितीदा तरी डबा तिथे नसतोच.