दुरुस्तीची नीती

बिघडलेल्या यंत्राविषयी बोलताना आपण 'दोष' हा शब्द योजतो आणि माणसाच्या अपराधाविषयी बोलतानाही तोच. 'यात दोष काय आहे?' आणि 'हा दोष कोणाचा?' हे दोन प्रश्न कानाला जवळचे वाटतात. परंतु पहिला बुद्धीला वस्तूकडे नेतो आणि दुसरा माणसाकडे. दुसरा आधी विचारला, की पहिल्याचे उत्तर मिळविण्याचा धीर बहुधा उरत नाही. या भेदाकडे आमचे लक्ष वेधले ते होडीच्या एका जुन्या इंजिनाने.

रायपुरास समुद्र नाही. तळी आहेत, पण बूढा तालाब काय किंवा तेलीबांधा काय, तेथे अशा इंजिनाला काम नाही. दक्षिणेस धमतरीजवळ महानदी अडवून गंगरेलचा विस्तीर्ण जलाशय झाला, त्यालाही आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या एका केवट कुटुंबाला आमच्या परिचितांच्या अडगळीत पडलेले इंजिन द्यावयाचे ठरले. साडेपाच अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे, होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळून बसवावयाचे. या जातीची इंजिने ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी विकावयास काढली आणि ती लोकप्रिय झाली. त्याच्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० साली थांबले. आमच्या पुढ्यातल्या इंजिनावरचे नाव मात्र केव्हाच पुसले गेले होते.

असे इंजिन चालत नसेल तर तीन गोष्टी पाहावयाच्या: दाब, ठिणगी आणि इंधन. स्पार्क प्लग काढून भोकावर अंगठा धरावा आणि दोरी ओढावी. अंगठा जोराने उडाला तर दाब आहे. प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकवून पुन्हा दोरी ओढावी; निळी ठिणगी कडाडली तर मॅग्नेटो शाबूत आहे. आमच्या इंजिनात एका बाजूची ठिणगी पिवळट व मरगळलेली होती. फ्लायव्हील उतरविल्यावर कॉइलच्या वेष्टनाला तडे गेलेले दिसले. शिवाय पॉइंट काजळले होते, कंडेन्सर संशयास्पद होता आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक बसला होता.

येथे मोह होतो. चारही वस्तू एकदम बदलाव्यात, दोरी ओढावी आणि इंजिन गुरगुरले की हात धुवावेत. आमच्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक यांची कसोटी सांगितली आहे: कारण असता कार्य असते, कारण नसता कार्य नसते. चार कारणे एकदम हलविली, तर ही कसोटी लावण्यास जागाच उरत नाही. इंजिन चालेल, ते का चालत नव्हते हे मात्र कळणार नाही. ज्या जुन्या स्कूटर-मिस्त्रीच्या मदतीने हे काम चालले होते, त्याने न्यायशास्त्राचे नावही ऐकले नसेल, पण एका वेळी एकच वस्तू बदलण्याचा त्याचा हट्ट कोणाही तार्किकास शोभण्यासारखा होता. त्यात दोन रविवार अधिक गेले.

यावर एक आक्षेप आहे आणि तो सहज झटकता येणारा नाही. केवटाला इंजिन हवे आहे. त्याच्या बिघाडाचे तत्त्वज्ञान त्याला काय करावयाचे? दुरुस्त करणाऱ्याचा हेतू शुद्ध, फळही चांगले. मग ज्ञानाचा आग्रह कशासाठी? कर्माचे नैतिक मोल ठरविताना बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानावी, ही भूमिका टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त विस्ताराने मांडली. तो ग्रंथ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच रायपुरात उभी आहे, म्हणून ही भूमिका येथील मराठी माणसास दुप्पट जवळची. आम्हांसही ती मान्य आहे. पण बुद्धी शुद्ध केव्हा म्हणावी?

एका सज्जनाने सुचविले, की पेट्रोलात तेल थोडे कमी घाला. धूर कमी होईल आणि गरिबाचे चार पैसे वाचतील. सूचना मनापासून होती. परंतु त्या काळच्या अशा इंजिनांना चोवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल लागते. पन्नासास एक हे प्रमाण पुढच्या इंजिनांचे. आतल्या बेअरिंगांना मिळणारे वंगण काय ते एवढेच. करुणेने कमी केलेले तेल आणि कंजूषपणाने कमी केलेले तेल यांत बेअरिंग भेद करीत नाही. दोन्ही वेळा ते जळते. जेथे जाणून घेणे शक्य आहे तेथे न जाणता केलेल्या उपकाराला शुद्ध बुद्धीचे म्हणण्यास आमचे मन तयार होत नाही. जाणून घेण्याचा कंटाळा हाही बुद्धीचाच मळ आहे.

बाकीच्या कामाविषयी फार लिहीत नाही. कार्ब्युरेटरमधला बुचाच्या लाकडाचा तरंगता तुकडा बदलावा लागला, कारण त्यावरचा लाखेचा लेप आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात टिकत नाही. पाणी खेचणारी रबरी चकती वाळून कडक झाली होती. तीही नवी घातली.

पंखा उतरविल्यावर जे दिसले ते मात्र सांगितले पाहिजे. पंखा आणि त्याचा दांडा यांना जोडणारी एक पिन असते. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या झाडाच्या खुंटावर आपटला, की ती तुटते आणि आतील दातेरी चाके वाचतात. सुटी पिन जवळ असली तर माणूस पाण्यातच ती बदलून घरी येतो. त्या जागी कोणीतरी पोलादी खिळा कापून ठोकला होता. खिळा तुटला नसता. तुटली असती ती चाके, आणि ती पाण्यावर बदलता येत नाहीत.

'दोष कोणाचा?' हा प्रश्न येथे आपसूकच ओठांवर येतो. पण ज्याने खिळा ठोकला त्याची वेळ आपल्याला ठाऊक नाही. सांज झाली असेल, वारा सुटला असेल, जवळ पिन नसेल. तसे असेल, तर तो खिळा ठोकणे शहाणपणाचेच होते. घरी पोहोचण्यासाठी केलेल्या तात्पुरत्या डागडुजीला आम्ही कधीही नावे ठेवणार नाही. अनीती पुढे सुरू होते: घरी आल्यावर तो काढला नाही आणि इंजिन दुसऱ्याच्या हाती देताना सांगितले नाही, तेव्हा. पुढच्या माणसाला आपले इंजिन धडके आहे असेच वाटत राहिले. खोटे बोलण्यासाठी तोंड उघडावेच लागते असे नाही.

म्हणूनच 'चालू झाले' आणि 'झाले' यांतले अंतर आम्हांस मोठे वाटते. अंगणातल्या पाण्याच्या पिंपात इंजिन पहिल्यांदा धडधडले तेव्हा जमलेल्यांनी टाळ्या वाजविल्या आणि मिस्त्री विडी पेटवून गप्प बसला. पिंपात लाट नसते, वारा नसतो आणि काठ हाताशी असतो. त्याने ते आणखी तीन दिवस, दिवसातून दोनदा, तापवून आणि गार करून चालविले. तापलेली कॉइल दगा देते, थंड असताना नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

खालच्या सिलिंडरचा दाब वरच्यापेक्षा कमीच राहिला. रिंगा मिळाल्या नाहीत. इंजिन देताना हे सांगावे की नाही यावर आमच्यात थोडा वाद झाला. दान देताना उणीव बोलून दाखवू नये, असे एका वडीलधाऱ्यांचे मत पडले. शेवटी सांगितले. केवटाने ऐकून घेतले, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि वल्ही होडीतच ठेवीन म्हणाला. दोन सुट्या पितळी पिना मिस्त्रीने तारेने इंजिनाच्या दांड्याला बांधून दिल्या होत्या. त्यांतली एक त्याने सोडवून घेतली आणि ती कशी बसवावयाची ते पुन्हा एकदा विचारले.