रात्रीचा तिसरा प्रहर

एकतीस डिसेंबरच्या रात्री आमचं उपासनामंदिर भरून बाहेरच्या मांडवापर्यंत माणसं बसलेली असतात. वर्षभर ज्यांची गाठ पडत नाही तेही येतात. अकराच्या पुढे भजनांना जोर चढतो, बाराला थोडा वेळ उरला की दिवे मालवले जातात, सगळे गुडघे टेकतात, आणि घंटा वाजली की अंधारातच एकमेकांचे हात हातात घेतले जातात. ‘वॉचनाइट’ असंच म्हणतो आम्ही तिला. अठराव्या शतकात मोराव्हियन आणि मेथडिस्ट मंडळ्यांतून निघालेली ही रीत मिशनऱ्यांबरोबर नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचली आणि इथल्या टाळ-तबल्यात मिसळून गेली. मला ती रात्र मनापासून आवडते. पण गेली काही वर्षं मला वाटत आलं आहे, की बाराला जागं राहणं फार सोपं असतं. शेजारी माणूस, पुढे माणूस, मागे माणूस, झोपेल कोण? येशूनं ज्या जागेपणाची गोष्ट केली तो हा नसावा.

मार्कच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायाच्या शेवटी तो जैतुनाच्या डोंगरावर मंदिरासमोर बसला आहे, जवळ चौघे शिष्य आहेत. परदेशी गेलेल्या एका घरधन्याची गोष्ट तो सांगतो. धन्यानं जाताना प्रत्येक चाकराला त्याचं त्याचं काम नेमून दिलं आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगितलं. तो कधी परतेल? संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना किंवा पहाटे. रोमी लोक रात्रीचे असे चार भाग पाडत. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही; आपल्याही रात्रीला चारच प्रहर, आणि आपला ‘पहारा’ हा शब्द त्या प्रहरातूनच आलेला.

हे चार प्रहर मार्क तिथंच सोडून देत नाही. पुढच्याच अध्यायात येशूची शेवटची रात्र सुरू होते. संध्याकाळी तो बाराजणांसह जेवायला येतो. मग रात्र चढते, गेथशेमाने बाग. तो प्रार्थना करून तीनदा परत येतो आणि तिन्ही वेळा त्याला शिष्य झोपलेले सापडतात. मग कोंबडा आरवतो, आणि पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्यात, खालच्या अंगणात उभा असतो. मग सकाळ होते आणि येशूला बांधून पिलाताच्या हवाली करतात. बायबलच्या अभ्यासकांनी ही जुळणी फार पूर्वी दाखवून दिली आहे. मला ती कळली तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी त्या वचनाचा अर्थ बदलला. लहानपणापासून ‘जागे राहा’ हे ऐकलं ते शेवटल्या दिवसाबद्दल: आकाश उघडेल, कर्णा वाजेल. मार्क मात्र सांगतो, की धनी दोन दिवसांतच आला. चारही प्रहरी आला. ज्यांना जागं राहायला सांगितलं होतं त्यांच्यापैकी कुणी झोपलेलं होतं, कुणी पळून गेलेलं होतं.

चारांतला तिसरा प्रहर मला सर्वांत जड वाटतो. कारण त्या वेळी पेत्र झोपलेला नाही. टक्क जागा आहे, विस्तवाशी हात शेकतो आहे. बाकीचे पांगले तेव्हा तो दुरून का होईना, मागोमाग आला, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. योहान तर सांगतो, की बागेत तलवार उपसणारा तोच होता. मरायची त्याची तयारी होती, असं मला खरंच वाटतं. पण त्याच्यापुढे आली ती तलवार नव्हती, एक दासी होती. तिनं सहज, शेकोटीपाशी बोलता बोलता विचारलं, की तूही त्या नासरेथकराबरोबर होतास ना. कुणी चावडीवर उभं केलं नव्हतं, पंचांपुढे साक्ष मागितली नव्हती. त्यानं नाही म्हटलं. प्रश्न किरकोळ होता, म्हणून उत्तरही किरकोळच वाटलं असेल. मोठ्या परीक्षेसाठी कंबर कसून बसलेला माणूस छोट्या प्रश्नाला फसतो.

आणि आपल्याकडे येतात ते बहुतेक असेच प्रश्न. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत सफाई कामगाराच्या जातीवरून कुणीतरी बोलतं, सगळे हसतात, आपणही ओठ हलवतो. दुकानदार चुकून जास्त सुटे पैसे परत देतो. मंडळीतच एखाद्या विधवेचं नाव सोयीस्कर विसरलं जातं आणि ते आपल्या लक्षात आलेलं असतं. यातलं काहीही कर्णा वाजवून येत नाही.

मराठीत ‘दाखला’ या शब्दाचे दोन अर्थ आमच्या घरांत नेहमी शेजारी शेजारी नांदत आले. रविवारी ऐकायचा तो पेरणाऱ्याचा, हरवलेल्या मेंढराचा दाखला. सोमवारी तहसील कचेरीतून आणायचा तो जातीचा दाखला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाप्तिस्मा झाला तरी गावानं जात विसरली नाही, विहिरीनं विसरली नाही, लग्न जमवणाऱ्यांनी तर नाहीच. कायद्यानं तेवढी विसरली. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणतो. त्याची किंमत मात्र एकेका घरातल्या मुलाला एकेका कागदावर चुकवावी लागते.

माझा मावसभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा. बारावीनंतर अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तो माझ्याकडे आला. कागद पुढ्यात ठेवून म्हणाला, “दादा, इथं काय लिहू?” घरी आजारी वडील, दोन बहिणी. मला सगळं ठाऊक होतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “तुझं तू ठरव.” बाहेरून ते समंजस उत्तर दिसत होतं. खरं तर मी तिथून निघून गेलो होतो. त्याच्या शेजारी बसून या प्रश्नाचं ओझं अर्धं उचलणं माझं काम होतं, मग त्यानं काहीही लिहिलं असतं. त्यानं काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. पेत्राची गोष्ट वाचताना लोक त्या मुलाला पेत्राच्या जागी उभं करतील. मला त्या अंगणात मीच दिसतो.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दहा कुमारींच्या दाखल्यावर उपदेश करताना बहुतेकदा एक गोष्ट निसटते. वर यायला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्या पाच जणीही. दाखल्याचा शेवट जागे राहा असा होतो, आणि त्यात रात्रभर जागं कुणीच राहत नाही! यातून मला कळलं ते एवढंच, की जागेपण डोळ्यांत नसतं. पेत्र डोळे उघडे ठेवून झोपला होता. त्या पाच जणी झोपेतही जाग्या होत्या, कारण तेल आधीच भरून ठेवलेलं होतं. ते तेल मध्यरात्री उसनं मिळत नाही म्हणून मूर्ख मुलींना परत पाठवलं, हे लहानपणी मला फार कठोर वाटे. आता वाटतं, काही गोष्टी खरंच उसन्या देता येत नाहीत. मी पंचवीस वर्षं रोज खरं बोललो असेन तर त्यातलं ओंजळभर खरेपण ऐन वेळी तुझ्या हातात कसं देऊ?

माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळीत हातातल्या टॉर्चवर बोटं धरून, उजेड रोग्याच्या डोळ्यांवर पडू न देता, ती वॉर्डातून फिरायची. तीन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट, असं ती म्हणे. तेव्हा रोगीही खचतो आणि नर्सही. नवीन मुलींना ती सांगायची, की कण्हणारा रोगी तुम्हाला स्वतःच उठवेल, गप्प पडलेल्याकडे मात्र आपण होऊन जायचं. शिष्यपणाबद्दल मी पुष्कळ पुस्तकं वाचली, बऱ्याच शिबिरांना बसलो. त्या एका वाक्याइतकं कामाचं मला क्वचितच काही मिळालं. तिची प्रार्थना लांबलचक नसे. खाटेपाशी थांबायची, श्वास ऐकायची, पांघरूण सारखं करायची, पुढे जायची.

असंच तेल भरत राहणारी आणखी एक बाई माझ्या डोळ्यांपुढे असते. पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की लोकांना त्यांचं संस्कृत पांडित्य, कलकत्त्यातला गौरव, अमेरिकेतली भाषणं आठवतात. मला आठवते ती केडगावातली उत्तर आयुष्यातली रमाबाई. दुष्काळात आणि उपेक्षेत सापडलेल्या शेकडो मुली-बायका मुक्ती सदनात राहत होत्या. त्यांच्या जेवणाखाण्याची, कपड्यालत्त्याची, शिक्षणाची जबाबदारी अंगावर असतानाच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं. कारण फार साधं होतं: अल्पशिक्षित बाईला कळेल असं सोपं मराठी बायबल त्यांना हवं होतं. त्या कामात सदनातल्याच बायकांचे हात होते. छपाईचे खिळे जुळवायलाही त्याच होत्या. हे वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आलं. त्यांनी ते छापून बांधलेलं पाहिलं नाही. ओळीमागून ओळ, मूळ पाहून, शब्द तोलून, पुन्हा खोडून. यात वॉचनाइटची घंटा कुठेच वाजत नाही. धनी कधी येईल याचा हिशेब मांडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि कितीदा तो हिशेब चुकलेलाही पाहिला आहे. नेमून दिलेल्या कामात असलेल्या माणसाला तो हिशेब लागतच नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा अठराव्या अध्यायात, त्या अंगणात. दुसऱ्यांदा एकविसाव्या अध्यायात, गालीलाच्या किनाऱ्यावर पहाटे, मासे आणि भाकर घेऊन येशू शिष्यांची वाट पाहत असतो तेव्हा. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात आणखी कुठेही नाही. पेत्राला तो वास ओळखू आला असेल. येशू आधी सगळ्यांना खाऊ घालतो. मग तीनदा विचारतो, आणि तिन्ही वेळा प्रश्न प्रीतीचा असतो. त्या रात्रीचा उल्लेखही नाही. प्रत्येक उत्तरानंतर तो पेत्राच्या हातात मेंढरं सोपवतो.

गेल्या वॉचनाइटला उपासना सुटल्यावर बाहेर शेकोटी पेटवली होती. थंडी कडाक्याची होती. मावसभाऊ कडेला उभा दिसला, हात विस्तवाकडे पसरलेले, केस पिकायला लागलेले. मी दोन चहा घेऊन त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, “त्या दिवशी मी तुझ्याबरोबर कचेरीत यायला हवं होतं.” कुठला दिवस ते त्यानं विचारलं नाही. बराच वेळ चहाच पीत राहिला. मग म्हणाला, “थंडी वाढलीय, दादा. मावशीला झोप लागते का नीट?”

“लागते,” मी म्हणालो. “पण तीनला अजून उठते. बाबांचा श्वास ऐकते, पांघरूण सारखं करते आणि परत झोपते. सकाळी विचारलं तर तिला आठवतही नाही.”