मालमोटारीचा खरा मालक कोण?

मनुष्याने दुसऱ्याची चाकरी करावी की स्वतःचा धंदा करावा, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे ठरलेले उत्तरही तितकेच जुने आहे. चाकरीत पराधीनता आहे, धंद्यात स्वातंत्र्य आहे, असे आपण सर्व लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्या धंद्याचे भांडवलच कर्जाऊ आहे, तो करणाऱ्यास कितपत स्वतंत्र म्हणावे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत तो करण्याची वेळ आज आली आहे. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले, काही पट्ट्यांतून खनिज पुन्हा निघू लागले, आणि आमच्या वयाचे तरुण पुन्हा मालमोटार घेण्याच्या गोष्टी बोलू लागले आहेत. म्हणूनच हा विषय आम्ही महाजन मंडळींपुढे मांडीत आहोत.

प्रथम घडलेले सांगू. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि गोव्याच्या हलक्या प्रतीच्या लोहखनिजासही भाव आला. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत माल नेण्यास मालमोटारी हव्या होत्या. पुढे मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जेस तो माल मुरगावकडे नेत. या मालमोटारींपैकी पुष्कळशा खाणवाल्यांच्या नव्हत्या, गावकऱ्यांच्या होत्या आणि कर्जावर घेतलेल्या होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा शासनाने खाणी थांबविल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतूक दोन्ही बंद केली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षास २ कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने बंदी उठविली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम पुनश्च बंद पडले. कायद्याचा भंग झाला होता, निसर्गाची हानीही झाली होती. त्या निर्णयांचा खल येथे करावयाचा नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, परंतु हप्ते उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये खाणबंदीने अडचणीत आलेल्या कर्जदारांसाठी शासनास कर्जसवलतीची योजना आणावी लागली, यावरून त्या संकटाचा व्याप ध्यानात यावा.

आता थोडे गणित मांडू. आकडे आम्ही केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत. ज्याने त्याने आपापले घालून पाहावेत. समजा, दहा चाकांची मालमोटार ३० लाख रुपयांस पडली. घरचे ३ लाख घातले आणि २७ लाख शेकडा १० व्याजाने, उरलेल्या मुद्दलावर व्याज या रीतीने, पाच वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ५७,४०० रुपये येतो. गाडी मालक स्वतःच चालवितो असे धरू. क्लीनरला महिना १०,०००, विम्यापोटी ७,५००, रस्ताकर, परमिट व फिटनेस यांपोटी ५,००० धरू. बेरीज ७९,९०० झाली. म्हणजे डिझेलचा एक थेंब न जळता, चाक एकदाही न फिरता, ही गाडी रोज सुमारे २,६६० रुपये खाते. परतीच्या भाड्याची वाट पाहत ती तीन दिवस परगावी उभी राहिली, तर ८,००० रुपये गेले. यात टायरांची झीज नाही, घसारा नाही, टोल नाही. मालकाच्या स्वतःच्या श्रमाचे मोलही नाही.

हेच गणित दुसऱ्या रीतीने मांडा. घरचे १० लाख घालून २० लाखच कर्ज काढले, तर हप्ता सुमारे ४२,५०० येतो. महिन्याला जवळजवळ १५,००० रुपयांचा फरक पडतो. आमच्या मते हे १५,००० म्हणजे केवळ पैसे नव्हेत. या फरकातच सर्व नीती साठलेली आहे. ती कशी, ते पाहू.

मालकीची व्याख्या काय? नोंदणीच्या कागदावर नाव असणे ही कायद्याची व्याख्या झाली. परंतु तेवढ्याने मनुष्य मालक होत नाही. अयोग्य गोष्टीस जो “नाही” म्हणू शकतो, तोच आपल्या धंद्याचा मालक. माल देणारा म्हणतो, दोन टन अधिक भर. भाडे ठरविणारा दलाल म्हणतो, रात्रीतून पोहोचव. खाणीवर तर भाडे खेपेवर मिळते. जितक्या खेपा अधिक, तितकी मिळकत अधिक, आणि म्हणून वेगही अधिक. या तिन्ही ठिकाणी “नाही” म्हणण्याची इच्छा चांगल्या मनुष्यास असतेच; परंतु ७ तारखेचा हप्ता ज्याच्या डोळ्यांपुढे उभा आहे, त्याच्या जिभेवर तो शब्द येत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने नोकरीतील चालकास दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. परंतु स्वतःच्या गाडीवर स्वतः बसणाऱ्या मालकास झोप घेण्याची आज्ञा कोणी द्यावी? त्याचा धनी तर त्याच्या खिशातील हप्त्याचे पुस्तक आहे.

अधिक भाराचा दोष केवळ दंडापुरता नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० असा दंड आहे. तो भरून मनुष्य मोकळा होतो असे त्यास वाटते. परंतु अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर जे मोठे प्रयोग झाले, त्यांतून असे दिसून आले की आसावरील भार वाढला असता रस्त्याची हानी साधारणतः त्याच्या चतुर्थ घाताने वाढते. भार सव्वापटही नव्हे, केवळ एकपंचमांशाने वाढविला, तर हानी दुप्पट होते. तो रस्ता शाळेत जाणाऱ्या मुलांचा असतो. वरून सांडणारी माती वाटेवरच्या घरांत जाते. म्हणजे एकाच्या हप्त्याचा काही भाग शेजारी भरीत असतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

येथे एक शंका संभवते. कोणी म्हणेल, “हा उपदेश पोट भरलेल्यांचा आहे. गरिबाजवळ १० लाख कोठून असणार? कर्ज काढू नये म्हटले, तर तो जन्मभर दुसऱ्याच्याच गाडीवर बसेल.” ही शंका खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेता येत नाही. मालमोटारींनी अनेक घरे उभी केली, मुलांची शिक्षणे केली, हे आम्ही जाणतो. कर्ज काढणे हे पापही नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेकडा दरमहा सव्वा पण हे व्याज धर्म्य मानले आहे; व्यापाऱ्यास पाच, अरण्यातून जाणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस पण सांगितले आहेत. प्रवासात धोका जितका अधिक, तितके भांडवल महाग, हे प्राचीनांसही ठाऊक होते. प्रश्न कर्जाचा नाही. प्रश्न असा की, धोका कोणाच्या माथी आहे आणि तो उचलण्याइतके बळ त्याच्याजवळ आहे काय? गोव्यात खाण एकाची, माल एकाचा, भाव ठरविणारा तिसरा. धोका मात्र गावकऱ्याचा. मालकीचे ओझे त्याच्याकडे आले, मालकाची इच्छा मात्र त्याच्याकडे आली नाही.

तेव्हा गरिबाने काय करावे? एक तर, गाडी लहान घ्यावी वा वापरलेली घ्यावी, परंतु कर्ज लहान ठेवावे. वापरलेल्या गाडीच्या कर्जात मात्र व्याजाची रीत तपासावी. १० लाखांवर शेकडा १२ व्याज चार वर्षे पूर्ण मुद्दलावर लावले, तर ऐकावयास ते बारा वाटते; प्रत्यक्षात ते वीस टक्क्यांहून अधिक पडते, कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते. दुसरे, सहा महिन्यांचा उभा खर्च गाठीस बांधल्याशिवाय गाडी दारात आणू नये. वरच्या दुसऱ्या उदाहरणात तो सुमारे ३ लाख ९० हजार होतो. तिसरे, एकाच धन्याच्या, एकाच मालाच्या भरवशावर गाडी घेऊ नये. खाण बंद पडली की सर्वांच्याच गाड्या एकदम विक्रीस निघतात आणि मग घेणारा कोणी उरत नाही. चौथे, जामीन राहणाऱ्या भावास वा शेजाऱ्यास हे सर्व गणित आधी दाखवावे. त्याच्यापासून धोका लपवून घेतलेली सही ही फसवणूकच होय, मग ती कितीही प्रेमाने घेतलेली असो.

नवी गाडी घेतली की ती प्रथम देवळापुढे येते. हार चढतो, नारळ फुटतो. पौरोहित्य करणाऱ्या घरात वाढल्यामुळे मुहूर्ताची पृच्छा आम्ही पुष्कळदा ऐकली आहे, “गाडी तीन महिने उभी राहिली तर काय?” ही पृच्छा मात्र क्वचितच ऐकली. मुहूर्त पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु खरेदीपूर्वी केलेला प्रामाणिक हिशोब हाही धर्मकार्याचाच भाग आहे, असे आमचे नम्र मत आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण काटकसरीचा उपदेश म्हणून सांगतो. मालमोटारवाल्यासाठी तिचा अर्थ अधिक खोल आहे. हे अंथरूण बाजाराच्या व न्यायालयाच्या इच्छेने अर्ध्या रात्री आखूड होऊ शकते, आणि त्या रात्री पाय उघडे पडतात ते केवळ त्याचे नव्हे. गाडीवरच्या क्लीनरचे, सही देणाऱ्या भावाचे आणि वाटेने चालणाऱ्या अनोळखी माणसाचेही.

नीती ही मोहाच्या क्षणी ठरते असे आपण मानतो. आमच्या मते पुष्कळ वेळा ती त्याआधीच, कर्जाच्या कागदावर सही करताना ठरून गेलेली असते. भर रस्त्यात “नाही” म्हणण्याचे सामर्थ्य हवे असेल, तर त्याची तरतूद घरी, शांतपणे, वहीपेन्सिल घेऊन करावी लागते. ज्या घरांत गाडी घेण्याचा विचार चालू आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी मुलास परावृत्त न करता एक संध्याकाळ त्याच्याशेजारी बसून हा हिशोब मांडावा, एवढीच आमची विनंती आहे.