खरं लिखू का?

खानदेशात पुढारी म्हटला की डोळ्यांपुढे पांढरे कपडे, जीपगाडी आणि मागून चालणारी चार माणसं येतात. वीस-पंचवीस अंगणवाड्या सांभाळणाऱ्या मुख्य सेविकेला कोणी पुढारी म्हणत नाही. ती एसटीने येते, फाट्यावर उतरते, पिशवी खांद्याला लावून पाड्यापर्यंत पायी जाते. तरी मी म्हणेन, गावात इतकं जोखमीचं पुढारपण दुसरं नाही. सरपंच चुकला तर पाच वर्षांनी का होईना, गाव त्याला जाब विचारतं. तीन वर्षांचं पोर कोणाला विचारणार?

मी आधी सेविका होते. पुढे बढती मिळून मुख्य सेविका झाले आणि प्रशिक्षणाला गेले. तिथं शिकवलं ते कामाचंच होतं. काटा आधी शून्यावर आणा, पोराच्या अंगावरचे जाड कपडे काढा, मग झोळीत घाला. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत आला तर लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा तेव्हाचा नियम होता. भेटीला गेल्यावर काय काय तपासायचं, त्याची लांबलचक यादी होती. तपासणाऱ्या बाईने बोलायचं कसं, हे मात्र यादीत नव्हतं. एका वयस्कर शिक्षिकाबाईंनी तेवढं जाता जाता सांगितलं, "खुर्ची मागू नका. चटईवर बसा. तुमचे डोळे पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला आले, की निम्मी तपासणी तिथंच होते." मला वाटतं, सगळ्या प्रशिक्षणातलं तेवढंच एक वाक्य पुढारपणाबद्दल होतं. बाकी सगळं कागदाबद्दल.

खरं म्हणजे हे काम महाराष्ट्रात सुरू झालं तेच चटईवर बसणाऱ्या बायांमुळे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. शहरातलं बालशिक्षण खेड्यात न्यायचं म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिकडचा. आधी पोरांना आंघोळ, मग गाणं, मग खेळ. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. तोवर या बायांनी कितीतरी अंगणं झाडून काढली होती. आज आपण ‘अंगणवाडी’ सहज म्हणतो, पण त्या शब्दातच पुढारपणाची व्याख्या आहे: ज्याला गरज आहे त्याला बोलावून घ्यायचं नाही, आपण त्याच्या अंगणात जायचं.

आता खरा प्रश्न सांगते.

सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्याकडे एक पाडा होता. वस्ती पावरा आणि भिल्ल. पोरं घरी पावरी बोलणारी, सेविका अहिराणी बोलणारी, तक्ते प्रमाण मराठीत. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला गुजरातेत, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत. अशीच माणसं परत आली होती. सेविकेने एका पोराचं वजन घेतलं. वय तीन वर्षं पुरी, वजन साडेनऊ किलो. दंडाचा घेर ११.२. म्हणजे सरळ लाल. मी रजिस्टर पाहिलं तर तिथं पेन्सिलीने साडेअकरा लिहिलेलं. पेन तिच्या हातात, पण टोपण काढलेलं नव्हतं. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "ताई, खरं लिखू का सायेबले आवडी ते लिखू?"

ही बाई खोटारडी नव्हती. पावसाळ्यात नाला भरला की त्याच्या पलीकडच्या पोरांचा खाऊ डोक्यावर घेऊन जाणारी बाई. पण मागच्या बैठकीत तिने दोन पोरं लाल दाखवली होती. "तुमच्याच गावात कुपोषण कसं वाढतं?" म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. शेजारच्या गावात सगळं हिरवं होतं, त्या बाईचं कौतुक झालं. सगळं हिरवं खरोखर होतं की नाही, हे कोणी विचारलं नाही. एवढ्या एका बैठकीत ती जे शिकली, ते कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा पक्कं होतं. वर आकडा मागतात, पण खरा आकडा दिला की ओरडतात.

मग पाप कोणाचं? भीतीने खोटं लिहिणाऱ्या हाताचं, की भीती घालणाऱ्या तोंडाचं? आपली जुनी माणसं म्हणतात, करणाऱ्यापेक्षा करविणारा मोठा दोषी. मला ते पटतं, पण पुरतं पटत नाही. कारण या दोघांच्या मध्ये एक तिसरा बसलेला आहे, झोळीत पाय हलवत. त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारी या जगात एकच ओळ आहे, रजिस्टरमधली. ती ओळ साडेअकरा म्हणाली, तर त्याला ग्राम बाल विकास केंद्रातलं दिवसातून अनेकदा मिळणारं खाणं मिळणार नाही, डॉक्टर त्याला तपासणार नाही. म्हणजे पेन्सिलीने वाढवलेले ते दोन किलो पोराच्या ताटातून काढलेले असतात. सेविकेची दया येऊन मी सही केली असती, तर ती दया पोराच्या जिवावर केलेली दया झाली असती. आणि तिच्यावर कारवाई करून मोकळी झाले असते, तर पुढच्या महिन्यात माझ्या वीसही अंगणवाड्यांत पेन्सिली निघाल्या असत्या. एकदा मेमो दिला की बाया खरं बोलायला लागत नाहीत, नीट खोटं लिहायला शिकतात.

मी तिला म्हटलं, "पुन्हा वजन घेऊ." घेतलं. साडेनऊच. तिने पेनाने लिहिलं, खाली मी सही केली, तारीख घातली. समासात एक ओळ जास्तीची लिहिली: कुटुंब ऊसतोडीहून आठ दिवसांपूर्वी परत. कारण तो आकडा सेविकेच्या कामाचा नव्हताच. तो फडावरच्या पाचटाच्या खोपटातल्या पाच-सहा महिन्यांचा होता. तिथं आई पहाटे कोयता घेऊन जाते आणि पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर दिवस काढतं. बैठकीत तिचं नाव पुकारायच्या आधी मी उभी राहिले आणि म्हटलं, हे वजन माझ्यासमोर घेतलंय, विचारायचं ते मला विचारा. विचारलं, चांगलंच विचारलं. पण पोराचं नाव यादीत गेलं. महिनाभरात त्याचं वजन थोडं चढलं, फार नाही. पुढच्या दिवाळीला ते कुटुंब पुन्हा उसाला गेलं. ही गोड शेवटाची गोष्ट नाही. एवढंच झालं, की त्यानंतर त्या बाईच्या रजिस्टरात पेन्सिल दिसली नाही.

माझ्या एक वरिष्ठ सहकारी म्हणायच्या, "तू बायांना डोक्यावर बसवतेस. धाक नसला तर अंगणवाडीचं कुलूपच उघडणार नाही." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. अकरालाच कुलूप लावणाऱ्या, खिचडीत डाळ शोधावी लागेल अशी खिचडी पोरांपुढे ठेवणाऱ्या बायाही मी पाहिल्यात, आणि त्यांना सोडलेलं नाही. धाकाने कुलूप उघडतं, हे खरंच. पण रडणाऱ्या पोराला मांडीवर घेणं धाकाने होत नाही. त्याला नाव घेऊन हाक मारणं, त्याच्या पावरीतला एक शब्द शिकणं, हे कोणत्या मेमोने करून घेणार? म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली होती. रागवण्याआधी मनात विचारायचं, या रागवण्याने पोराच्या ताटात काय पडणार? डाळ पडणार असेल तर जरूर रागवायचं. नुसता माझा तक्ता सुंदर दिसणार असेल तर गप्प बसायचं.

आमच्याच मातीतलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलांच्या अंथरुणांच्या घड्या घालणारे, त्यांच्या खोल्या झाडणारे गुरुजी म्हणून लोक त्यांना आठवतात. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते लिहून घेतलं. आज ‘गीता प्रवचने’ घरोघरी आहे, ती त्या लिहून घेण्यामुळे. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. वरच्याने खालच्याची अंथरुणं घडी करावी, ही एक. आणि समोर जे आहे ते इमानाने लिहून घेणं हेही मोठं काम आहे, ही दुसरी. धुळ्यात कोठडीत बसून लिहिणाऱ्याला जी निष्ठा लागली, तीच पाड्यावर साडेनऊचा आकडा लिहिणारीला लागते. फरक इतकाच, की तिला कोणी गुरुजी म्हणत नाही.

पण इथं एक सावधगिरी हवी. सेवा, त्याग, मातृत्व हे शब्द आपण सेविकांवर फार उधळतो आणि महिन्याला हातावर ठेवतो ते ‘मानधन’. मान थोडा आणि धनही थोडं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा कितीतरी बायांना पहिल्यांदा वाटलं की आपण करतो त्याला काम म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्यांचा मोठा संप झाला, तेव्हा काही लोक म्हणाले, "पोरांना वाऱ्यावर सोडून बाया रस्त्यावर कशा?" मी विचारते, ज्यांच्या हाती पोरं दिली त्यांना आपण कुठं सोडलं होतं? जिची स्वतःची चूल धड पेटत नाही, तिने दुसऱ्याचं लेकरू हसत भरवावं, ही अपेक्षा करणाऱ्याला पुढारी म्हणता येत नाही. ताराबाईंचा आणि अनुताईंचा त्याग त्यांनी स्वतः निवडलेला होता. दुसरीच्या वाट्याला त्याग वाटून देण्याचा हक्क कोणालाच नाही.

आता नव्या मुख्य सेविका येताहेत. शिकलेल्या आहेत, हातात मोबाइल आहे, वजन तिथल्या तिथं पोषण ट्रॅकरवर भरतात. तिथं पेन्सिल चालत नाही, पण खोटा आकडा बोटानेही भरता येतो. माणूस तोच, भीती तीच. प्रशिक्षणाला जाणारी एखादी पोर भेटली की विचारते, "काकू, पहिल्या भेटीत काय पाहू?" मी सांगते, रजिस्टर शेवटी उघड. आधी मदतनीस बाईला विचार, आज तुम्ही काय खाल्लं. सेविकेला विचार, कोणत्या पोराची काळजी वाटते. ती लगेच एखादं नाव सांगू शकली तर समज, तिथं अंगणवाडी चालते आहे. आणि तिने वाईट बातमी सांगितली तर पहिला शब्द "बरं केलं सांगितलंस" हा असू दे. पुढचं सगळं त्यानंतर.

हे शिकवता येतं का? मला वाटतं, येतं. पण ते फळ्यावर लिहून होत नाही. खरं सांगितल्यावर आपल्या वरच्याने आपल्याला कसं वागवलं, ते प्रत्येक बाई लक्षात ठेवते आणि आपल्या खालच्या बाईला तसंच वागवते. वरून खाली असं झिरपत झिरपत शेवटी ते झोळीत बसलेल्या पोरापर्यंत पोचतं, मग ते दूध असो नाहीतर विष.