सोंग आणि ढोंग



'ढोंगी' हा शब्द आपण किती सहज वापरतो! रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसणारा शेजारी सोमवारी शेताच्या धुऱ्यावरून भांडताना दिसला, की आपण लगेच म्हणतो, 'पाहा, ढोंगी!' पण या शब्दाचा अर्थ काय?

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात ढोंगी माणसासाठी 'हिपोक्रितेस' हा शब्द येतो. त्याचा एक जुना अर्थ 'नट' असा आहे. ग्रीक नट मुखवटा घालून भूमिका करीत असे. त्यात फसवणूक नव्हती. आपल्या विदर्भातल्या दंडारीतही शेतकऱ्याचा मुलगा राजाचे सोंग घेतो. ते सोंग आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तेच सोंग लपवले की त्याचे ढोंग होते. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपवास या चांगल्या कृत्यांबाबतच हा इशारा देतो. राखेच्या बुधवारी दरवर्षी आपण तो ऐकतो.

दुसरा शब्द 'पाखंड'. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात हा शब्द 'पंथ' या साध्या अर्थाने वापरला. सर्व पंथांचा मान राखावा, असे त्याने तेथे कोरून ठेवले. पुढे लोक दुसऱ्याच्या पंथालाच पाखंड म्हणू लागले आणि शेवटी त्याचा अर्थ ढोंग असा झाला. शब्दाचा हा प्रवास आपल्याच मनाचा आहे. खोटेपणा आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या घरात दिसतो. म्हणूनच सातव्या अध्यायात येशू ढोंगी म्हणतो ते भावाच्या डोळ्यातले कुसळ शोधणाऱ्याला!

मात्र दुबळेपणा म्हणजे ढोंग नव्हे. पडणारा माणूस पापी असेल. पडूनही उभे असल्याचे दाखवणारा ढोंगी असतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार पापी होता, पण त्याने मुखवटा काढला आणि तो नीतिमान ठरून घरी गेला.

आपल्या जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. जे सांगायचे ते दिवसा करून झालेले असे. आपल्या तिवसा तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला. तेथेही प्रार्थनेला ग्रामसेवेची जोड होती.

मग आम्ही काय करावे? मिस्सामध्ये आम्ही एकमेकांना शांती देतो. ज्या भावाशी धुऱ्यावरून बोलणे बंद आहे, त्याच्या दाराशी त्याच संध्याकाळी आम्ही जाऊ का? कदाचित तो दार उघडणार नाही. तरी आम्ही दिलेली शांती सोंग नव्हती, एवढे देवाला कळेल.

हे प्रभो, दुसऱ्याचा मुखवटा ओढण्याआधी आम्हाला आमचा उतरवण्याचे धैर्य दे. आमेन.